हुद्द्याच्या रकान्यात काय लिहू?

मॅडम, नमस्कार.

मी बेळगावच्या शहापूरचा. १९९३ चा बी.एस्सी., विषय केमिस्ट्री. कॉलेज बेळगावातलं, डिग्री अर्थात धारवाड विद्यापीठाची. आमच्या बॅचचा मेळावा ठरलाय आणि त्या दिवशी एक स्मरणिका निघणार आहे. प्रत्येकानं फॉर्म भरून द्यायचा: नाव, हुद्दा, कंपनी, गाव, मुलं काय करतात, आणि ‘इतक्या वर्षांत मी काय केलं’ यावर दीडशे शब्द. ग्रुपवर रोज एकेकाचा येतोय. एक ह्यूस्टनला आहे, एक गोव्यात वेर्ण्याला औषध कंपनीत क्वालिटीचा हेड, दोघं बंगळूरला, एकीनं पुण्यात स्वतःची लॅब काढलीय. वर्गणी अडीच हजार होती, ती मी पहिल्याच आठवड्यात दिली. फॉर्म मात्र अजून कोराच आहे.

माझं असं झालं. फर्स्ट क्लास होता, धारवाडला एम.एस्सी.ला सीट मिळाली. आईनं कुंद्याचा डबा देऊन पाठवलं. चार महिन्यांत वडिलांना लकवा मारला. घरात चार माग, धाकटा भाऊ पीयूसीला (अकरावी-बारावीला), बहिणीचं लग्न ठरलेलं. परत आलो तो आलोच. २००७ पर्यंत माग चालवले, मग विकून टाकले. तेव्हापासून एका सोसायटीची पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, दारोदार जाऊन गोळा करतो. रोज दीडशेच्या आसपास दुकानं नि घरं. भावाला इंजिनीअर केलं, तो पुण्यात असतो. मुलगी बी.एस्सी. फायनलला आहे.

मुलगी म्हणते, "पप्पा, ‘फायनान्शियल सर्व्हिसेस’ लिहा, खोटं थोडंच आहे ते." बायको म्हणते, हुंदे, कशाला लिहायचं. ग्रुपचा अ‍ॅडमिन बैलहोंगलचा, घरी कानडी बोलणारा, प्रॅक्टिकलला माझा पार्टनर होता. त्याच्या हातून ब्युरेट फुटली तेव्हा ब्रेकेजचे पैसे आम्ही अर्धे-अर्धे भरले होते. तो दिवसाआड फोन करतो, "काय करूलास बे, फॉर्म दे की!" मी देतो म्हणतो, खरं देणं काय होईना. शेवटच्या पानावर ‘संपर्क होऊ शकला नाही’ म्हणून अकरा नावं टाकणार आहेत, त्यात नऊ मुली. वाटतं, बारावं माझं टाकून मोकळं व्हावं.

लिहू का नको? आणि लिहायचं तर हुद्द्याच्या रकान्यात काय लिहू?

— एक वाचक, शहापूर


लिहा. आणि हुद्द्याच्या रकान्यात ‘पिग्मी कलेक्शन’ लिहा, शेजारी ‘२००७ पासून’. फॉर्ममधल्या रकान्यांपुरतं उत्तर इथंच संपलं. दीडशे शब्दांबद्दल मात्र मला बरंच बोलायचं आहे.

आधी मुलीबद्दल. तिच्यावर रागावू नका. तिला तुमची लाज वाटत नसणार. तुम्हाला लाज वाटतेय हे तिनं ओळखलंय, म्हणून ती बिचारी शब्द शोधून आणून देतेय. पण ‘फायनान्शियल सर्व्हिसेस’ वाचून तुमच्या बॅचमधल्या एकाच्याही डोळ्यासमोर तुम्ही उभे राहणार नाही. बंगळूरच्या दोघांना वाटेल शेअर बाजारातला माणूस. ह्यूस्टनवाला म्हणेल, वा, छान. आणि पुढच्याचा फॉर्म वाचायला घेईल.

टिळकवाडीत आमच्या किराणा दुकानात संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास पिग्मीवाला येतो. दुकानदार माझी साखर तोलत असतो. मान न वळवता तो गल्ल्यातून शंभराची नोट काढून बाजूला धरतो. हा मशीनवर दोन बोटं चालवतो, चिर्रर करून पावती निघते, दुकानदार ती न वाचताच तारेला टोचतो. दोघांत एक शब्द होत नाही. एकदा मीच त्याला विचारलं, बाजार कसा आहे? म्हणाला, "मॅडम, दुकान बसणार ते मालकाच्या आधी आम्हाला कळतं. शंभराचे पन्नास होतात. मग ‘उद्या ये’ सुरू होतं. मग एक दिवस आम्हाला लांबून बघून मालक आत जातो." बेळगावच्या बाजारपेठेवर एवढं नेमकं कुणी बोललेलं मी अजून ऐकलेलं नाही. तुमची वर्षं त्याच्यापेक्षा जास्तच असतील. २०१६ च्या नोव्हेंबरात हजार-पाचशेच्या नोटा गेल्या तेव्हा तुम्ही गल्ल्यांतून फिरत होतात. २०२० च्या मार्चात शटरं खाली आली तेव्हा तुमची फेरी बंद आणि फेरीबरोबर कमिशनही बंद. ते महिने घर कसं चाललं हे तुम्ही मला लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे.

आता एक गोष्ट सांगते, कदाचित तुम्हाला सोसायटीत कुणी सांगितलीही असेल. पिग्मी हा प्रकार निघाला १९२८ साली, उडुपीत. रोज दोन आणे, आणि ते घ्यायला माणूस दारात येणार. ज्या बँकेनं तो काढला ती पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली, आणि २०२० साली कॅनरा बँकेत गेली. ती बँक १९२५ मध्ये मुळात निघाली कशासाठी, तर हातमाग अडचणीत आल्यावर तिकडच्या विणकरांना भांडवल मिळावं म्हणून. माग बसले म्हणून तुम्ही पिग्मीत आलात. पिग्मी ज्या घरात जन्मली ते घरच बसलेल्या मागांसाठी बांधलेलं होतं. तुम्ही लिहिलंय, ‘माग विकून टाकले, तेव्हापासून पिग्मी’, जणू कुठून तरी घसरून कुठं तरी पडलात. मला ती एकाच धाग्याची दोन टोकं दिसतात. आणि ‘एजंट’ हा शब्द खुपत असेल तर हेही ठाऊक असू द्या: बँकांच्या पिग्मी गोळा करणाऱ्यांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००१ साली कोर्टानं त्यांना कामगार मानलं. सोसायट्यांचं गणित वेगळं असतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

स्मरणिकांचा मला थोडा अनुभव आहे. नोकरीत असताना दोन काढल्या. दोन्ही वेळा सगळे फॉर्म माझ्या टेबलावर आले आणि प्रूफं मीच तपासली. शे-सव्वाशे माणसांची आयुष्यं एकापाठोपाठ एक वाचली की डोकं भणभणतं. सगळे ‘कार्यरत’ असतात. सगळे ‘समाधानी’. मुलं ‘सेटल’. सौ. ‘गृहिणी’, आणि फार तर ‘छंद: वाचन व प्रवास’. सत्तराव्या फॉर्मपाशी मला वाटायला लागलं की एकाच माणसानं सत्तर सह्या केल्यात. त्या ढिगातला एक फॉर्म अजून लक्षात आहे. उद्यमबागेत फाउंड्रीच्या लॅबमध्ये असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं लिहिलं होतं: "रात्रपाळीत भट्टीतला रस तयार झाला की त्याचा नमुना माझ्याकडे येतो. कार्बन, सिलिकॉन बघून मी हो म्हणेपर्यंत कुणी ओतत नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे असतात." एवढंच, पन्नासेक शब्द. त्याचा हुद्दा काय होता ते मला आठवत नाही. त्याच्या तोंडाकडे बघत उभी असलेली माणसं आठवतात.

आता माझं स्वतःचं. मी १९७६ ची बी.एस्सी. २००१ साली आमच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली तेव्हा अशीच पुस्तिका निघाली. मी लिहिलं, ‘अध्यापन क्षेत्रात समाधानी’. तोपर्यंत एका ठिकाणी मी अकरा वर्षं हंगामी म्हणून काढली होती. दर जूनला नवीन ऑर्डर, दर एप्रिलला संपली. उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार नाही. सही एका आकड्यावर, हातात दुसराच आकडा. कायम झाले ती फार उशिरा, आणि तीही दुसरीकडे. यातलं एक अक्षर मी लिहिलं नाही. वाटलं, सणासुदीला रडगाणं कशाला.

पुढं आठ वर्षांनी निपाणीत एका लग्नात माझी वर्गमैत्रीण भेटली. जेवण झाल्यावर हात धुवायच्या रांगेत आम्ही दोघी उभ्या होतो. ती सहज बोलावं तशी म्हणाली, "तुझं पुस्तिकेतलं वाचलं होतं गं. म्हटलं, हिचं सगळं बरं चाललंय, हिला काय फोन करायचा." ती स्वतः तेव्हा ग्रँटची वाट बघत सात वर्षं एका शाळेत बिनपगारी शिकवत होती. घरच्यांना सांगायची सोय नव्हती, आणि आपल्यासारखं दुसरं कुणी असेल असं तिला वाटत नव्हतं. आम्ही दोघी चाळीस-पन्नास मैलांवर, एकाच दुखण्याच्या, आणि माझ्या त्या तीन गुळगुळीत शब्दांमुळे आठ वर्षं एकमेकींना फोन केला नाही. नळाचं पाणी हातावर पडतच राहिलं, मागची बाई ओरडली तेव्हा बाजूला झालो.

तुमच्या ग्रुपवर येणारे फॉर्म तुम्ही याच चष्म्यातून वाचा, एवढंच माझं म्हणणं. वेर्ण्याच्या हेडला बढती मिळाली ते लिहिलंय; ज्या वर्षी मिळाली नाही ते कुठं लिहिलंय? ह्यूस्टनवाल्यानं तिथं पहिली पाच वर्षं काय केलं? बी.एस्सी. केमिस्ट्री घेऊन ९३ साली बाहेर पडलेला माणूस सरळ रेषेत कुठंच गेलेला नसतो. तुमची बॅच तर ८६ च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनाच्या वेळी नववीत असणार. शाळा किती दिवस बंद होती ते तुम्हालाच आठवत असेल. पुढं डिग्री हातात आली तेव्हा इकडच्या सरकारी नोकरीला अनेकांचं कानडी कच्चं, आणि तिकडं महाराष्ट्रात गेलं की रहिवासी दाखला आणा म्हणायचे. मग कुणी उद्यमबाग, कुणी गोवा, कुणी पिंपरी-चिंचवड, कुणी ९९ च्या सुमारास कम्प्युटरचा कोर्स करून बंगळूर, आणि बरेचजण घरचा धंदा. तुम्ही या शेवटच्या गटातले. गट लहान नाही. तो फॉर्म भरत नाही म्हणून लहान दिसतो.

अमेरिकेत ही चाल जुनी आहे. हार्वर्डमधून बाहेर पडलेले लोक दर पाच वर्षांनी आपली हकीकत लिहून पाठवतात आणि तिचं पुस्तक निघतं. त्याला ते ‘रेड बुक’ म्हणतात. त्याच विद्यापीठात १९३८ साली एक अभ्यास सुरू झाला. २६८ विद्यार्थी निवडले आणि त्यांच्या मागं आयुष्यभर लागले: दर दोन वर्षांनी प्रश्नावली, मधूनमधून डॉक्टरी तपासणी, मुलाखती. पुढं अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन केनेडीही त्यांत होते. नंतर बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलंही त्या अभ्यासाला जोडली गेली. इतक्या वर्षांच्या कागदांतून निघालेली एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते: पन्नाशीत ज्यांचे आपल्या माणसांशी संबंध बरे होते ते ऐंशीव्या वर्षी जास्त धडधाकट राहिले, आणि हे कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा संबंधांवरून जास्त चांगलं ओळखता आलं.

मी स्वतः असल्या निष्कर्षांना हात लावताना जरा जपूनच लावते. ते २६८ जण सगळे पुरुष, सगळे गोरे, त्यातही हार्वर्डचे. त्यांच्या फूटपट्टीनं शहापुरातल्या मागावर बसलेल्या माणसाला मोजायचं म्हणजे मीटरची पट्टी घेऊन तांदूळ मोजायला बसण्यासारखं. पण एक गोष्ट मला त्यातली पटते. ती माणसं वाईट वर्षांतही फॉर्म भरून पाठवत राहिली. घटस्फोट झाला, दारू वाढली, नोकरी गेली, तरी पाठवले. म्हणून तर त्या कागदांना किंमत आली.

आता दीडशे शब्दांचं. मी मास्तरीण आहे, सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

‘माझा जन्म एका सामान्य कुटुंबात’ इथून सुरू करू नका. फेरीपासून सुरू करा. सकाळी कुठल्या दुकानापासून निघता, पहिली पावती कोणाची, शेवटची कोणाची, चप्पल किती महिने टिकते. मग मागाची चौदा वर्षं. चार मागांवर आठवड्याला किती साड्या उतरायच्या हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. तो आकडा लिहा. सुरतेचा माल बाजारात कधीपासून दिसायला लागला, वीज कधी जायची, कांड्या कोण भरायचं. आणि विकले तेव्हा काय भावानं गेले तेही. तुम्ही पत्रात नुसतं ‘विकून टाकले’ म्हणून पुढं गेलात. बहुतेक वजनावर गेले असणार. किलोला काय भाव आला तो आकडा तुमच्या मनातून गेलेला नाही, हे मी पैजेवर सांगते. तोच लिहा. वडगाव-खासबागेतल्या ज्यांच्या घरात माग होते ते सगळे त्या एका आकड्यावर थांबतील.

धारवाडबद्दल एक वाक्य पुरे: "एम.एस्सी.ला चार महिने होतो, वडिलांना लकवा झाला म्हणून परत आलो." इथं पूर्णविराम. ‘दुर्दैवानं’ नको. ‘त्याग’ तर अजिबात नको, तो शब्द दुसऱ्यानं वापरायचा असतो. तुमच्या निम्म्या वर्गाला तुम्ही का परतलात हेच माहीत नसेल. जानेवारीत माणूस हॉस्टेलवर दिसेनासा झाला की पोरं काय म्हणतात? झेपलं नाही. तीस वर्षं काहीजण तसंच समजून असतील, आणि तुम्हालाही ते आतून माहीत आहे. फॉर्म कोरा राहण्याचं खरं कारण पिग्मी नसून हे असावं, असा मला संशय आहे. चुकत असेन तर सोडून द्या.

भाऊ मात्र यात आणू नका. पत्रात त्याच्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, ‘भावाला इंजिनीअर केलं, तो पुण्यात असतो’, आणि त्या वाक्यानंतर लगेच मुलीवर गेलात. त्या दोन वाक्यांच्या मधे काय आहे ते मला विचारायचं नाही. हिशेब असेल तर तो त्याच्या घरी जाऊन, चहा घेऊन, तोंडावर काढायचा. छापील स्मरणिकेत काढला तर तुमच्या भावजयीच्या माहेरचेसुद्धा वाचतील.

आणि स्मरणिकेच्या आधी मुलीला सांगा. ती केमिस्ट्रीच शिकतेय का ते तुम्ही लिहिलं नाही, पण बी.एस्सी. फायनल म्हणजे तिच्याही पुढं आता तोच प्रश्न आहे: एम.एस्सी. का नोकरी का घर. तुमच्या सर्टिफिकेटवर धारवाड, तिच्या सर्टिफिकेटवर राणी चन्नम्मा विद्यापीठ येईल. २०१० नंतर आपल्याकडे ते नाव आलं, बाकी बस त्याच स्टँडवरून सुटते. तिला ‘पप्पांना पुढं शिकायचं नव्हतं’ असं वाटत असेल, किंवा त्याहून वाईट, ‘पप्पांना जमलं नाही’. कुंद्याच्या डब्यासकट सांगा. तो डबा हॉस्टेलवर किती दिवस पुरला आणि कुणी कुणी खाल्ला तेही सांगा. तुमच्या पत्रातलं माझं आवडतं वाक्य तेच आहे. आईनं डबा दिला, आणि चार महिन्यांत तुम्ही परत. मी तो प्रसंग वाचून जरा वेळ पत्र बाजूला ठेवलं होतं.

भाषा मराठीच ठेवा. बैलहोंगलचा तुमचा पार्टनर ते वाचून घेईल, त्याचं ‘फॉर्म दे की’ ऐकूनच कळतं. तो दिवसाआड फोन करतोय. अ‍ॅडमिनला काय, ‘संपर्क नाही’ लिहून मोकळं होता आलं असतं त्याला. अर्ध्या ब्युरेटचे पैसे तो विसरलेला दिसत नाही. त्याला आजच फोन करा, आणि या खेपेला देतो-देतो न म्हणता त्याच्याकडे एक गोष्ट मागा.

ती अकरा नावं. तुम्ही त्यांच्या शेजारी बारावं म्हणून बसायला निघाला होतात. मला ते वाचून जरा चीडच आली. नऊ मुलींशी संपर्क का होत नाही? लग्न झालं, आडनाव बदललं, काहींच्या सासरी तर नावसुद्धा बदललं. ग्रुपवर जुन्या नावानं शोधत बसले तर जन्मात सापडणार नाहीत. बायकांच्या बाबतीत असा अभ्यासही अमेरिकेत झालाय. मिल्स कॉलेजातून १९५८ आणि १९६० साली बाहेर पडलेल्या मुलींच्या मागं रेव्हेना हेल्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई पन्नास वर्षं राहिल्या, आणि त्यातल्या अनेकींनी पन्नाशीच्या सुरुवातीला सांगितलं की आत्ता कुठं बरं चाललंय. तुमच्या बॅचच्या त्या नऊजणी आज साधारण त्याच वयाच्या आहेत. मुलं हाताशी आलेली, सासू-सासरे एक तर गेलेले किंवा अंथरुणावर. त्यांना शोधायला यापेक्षा बरी वेळ नाही.

आणि शोधणार कोण? ह्यूस्टनवाला? त्याच्याकडे गुगल आहे. तुमच्याकडे दीडशे दुकानं आहेत. ‘अनगोळची ती, वडील एसटीत होते, भाऊ तिचा बहुतेक गणपत गल्लीत भांड्याच्या दुकानात’ एवढ्या धाग्यावर माणूस काढायचा तर ते काम पिग्मीवाल्याचंच. खडेबाजारात एकानं मान हलवली की संध्याकाळपर्यंत रविवार पेठेतून निरोप येतो. खानापूर नि जांबोटीकडे दिलेल्यांसाठी थोडं जास्त फिरावं लागेल, शनिवारी बाजाराला तिकडून येणाऱ्यांना विचारा. एखादी सापडली आणि ‘मला नाही यायचं’ म्हणाली तर आग्रह करू नका, नुसता नंबर कुणाकडे द्यायचा का तेवढं विचारा. दोघींना स्मरणिकेत यायचं नसेल, त्यांचीही कारणं असतील. ती तुम्ही-मी समजू शकतो.

म्हणजे आता असं करा. फॉर्म आज रात्री भरा, जेवणानंतर, मुलीला शेजारी बसवून. शब्द दीडशेचे दोनशे झाले तरी तुमचा पार्टनर कापणार नाही. आणि त्याच्याकडून ती अकरा नावांची यादी मागून घ्या, लग्नाआधीचा पत्ता आणि वडिलांचा व्यवसाय यांसकट, आठवेल तेवढा. कागदावर उतरवून उद्या सकाळी फेरीला निघताना मशीनच्या पिशवीत, पावतीच्या रोलशेजारी ठेवा.